कमरेवरची काळी खपली

तुम्हाला चार-पाच दिवस ताप असेल, डोकं फुटेल असं दुखत असेल आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही गवतात, बांधावर, झुडपांत कुठं गेला असाल, तर हे वाचायचं थांबवा. आधी कपडे काढून अंग तपासा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्याच्या मागं, बायकांनी छातीखाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते का बघा. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. दिसली तर डॉक्टरांना दाखवा आणि कुठं कुठं गेला होतात ते खरं सांगा. घरचं माणूस शेजारी उभं असलं तरी खरं सांगा.

मी सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं

माझं नाव संदीप. वय चव्वेचाळीस. महाप्याला एका पॅकेजिंग कंपनीत मेंटेनन्सला आहे. वडील साताऱ्याहून मार्केटात माथाडी म्हणून आले, मी घणसोलीत वाढलो. पक्षी बघायचा नाद मला उशिरा लागला. कंपनीच्या मागं एक नाला आहे. त्यावरच्या तारेवर एक खंड्या बसायचा. डबा खाताना रोज त्याला बघायचो. त्या काळ्या पाण्यात त्याला काय मिळत होतं देव जाणे, पण सूर मारायचा आणि चोचीत काहीतरी घेऊनच वर यायचा. त्याच्यापायी मी दुर्बीण घेतली, पुस्तक घेतलं आणि रविवारी सकाळी बाइकवरून उरणच्या बाजूला, खाडीकडच्या पाणथळीत जायला लागलो.

तिथंच हसुकाका भेटले. एकसष्ट वर्षांचे, त्याच भागातल्या एका गावचे. आयुष्याची वीस वर्षं मिठागरात घातलेली. जमीन गेली, मिठागर बंद झालं, आता घरामागं चार खोल्या भाड्यानं दिलेल्या. बांधावर माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय बघतोस रं यवरा डोले फारून?"

मी म्हटलं, "तुतारी. ती बघा, चिखलात चोच खुपसतेय."

ते हसायला लागले. "ही? ही तर आमचे पायान असाची. मीठ वढताना बाजूला सरकाची पन नाय."

त्यांच्याकडं पुस्तक नव्हतं, दुर्बीण नव्हती. पण कुठला पक्षी भरतीला कुठं सरकतो, ओहोटीला कुठं उतरतो, ते त्यांना तोंडपाठ. मला नावं माहीत, त्यांना पक्षी माहीत. चार वर्षं आम्ही जवळजवळ प्रत्येक रविवारी बरोबर होतो. दिवाळीला ते आमच्या घरी सुका जवळा घेऊन यायचे. माझी बायको वैशाली त्यांना काका म्हणायची. पण माझ्या रविवारांवर तिचा राग होता, आणि तो रास्त होता. आठवड्यातली एकच सुट्टी मी चिखलात घालवायचो.

तो रविवार

ऑक्टोबर अर्धा सरला होता. वैशालीच्या भावानं कळंबोलीत फ्लॅट घेतला होता, रविवारी वास्तुशांत होती. मी येतो म्हणून कबूल केलं होतं. शुक्रवारी हसुकाकांचा फोन आला.

"तुजा तो निल्या गल्याचा आयला रं. दोन दिस बघतंय मी."

पुस्तकात त्याला शंकर म्हणतात. चिमणीएवढा पक्षी, थंडीच्या तोंडाशी उत्तरेकडून येतो. गळ्यावर निळा पट्टा, त्यात तांबूस ठिपका. लव्हाळ्याच्या बुडाशी उंदरासारखा पळत असतो, त्यामुळं उभ्या माणसाला दिसत नाही. चार हिवाळे मी त्याच्या मागं होतो.

मी वैशालीला सांगितलं, मशीन बंद पडलंय, रविवारी ड्यूटी लागलीय.

ती साडीला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "दादाला काय सांगू?"

"सांग ना, ड्यूटी आहे."

बाइकच्या डिक्कीत कंपनीचा शर्ट घडी करून ठेवला, येताना घालायला. इतकं पद्धतशीर.

पावसानंतर बांधावरचं गवत कमरेपर्यंत वाढलं होतं. मी बसायला लागलो तसे हसुकाका म्हणाले, "गवतान नको बसू. जनावर असतं. उबा राहून बघ."

"उभ्यानं दिसत नाही काका. तुम्ही पण बसा. तुम्ही हललात की तो पळणार."

त्यांना बसायचं नव्हतं. मी त्यांच्या बाहीला धरून खाली ओढलं. हे मी मुद्दाम लिहितोय. ओढलं.

दीड तास आम्ही त्या गवतात होतो. शेवटी शेवटी मी पालथा झोपलो होतो, शर्ट वर सरकला होता. मग तो आला. लव्हाळ्यातून बाहेर, उघड्या चिखलावर, शेपटी उभारून. निळा गळा उन्हात आला. मी दुर्बीण काकांच्या हातात दिली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "यवराच? याचेसाठी बसवलास मना?" आणि आम्ही दोघंही तोंडावर हात ठेवून हसलो.

त्या वेळेपर्यंत आम्हाला चावून झालेलं होतं. चावलेलं कळत नाही. उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या किड्याची पिल्लं असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं.

ताप

दहाव्या दिवशी, बुधवारी, कंपनीत गरम सीलिंग मशीनजवळ उभा असताना मला थंडी वाजायला लागली. दात वाजत होते. घरी आलो तेव्हा एकशे तीन. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डेंग्यूची साथ चालूच होती, आमच्याच सोसायटीत तिघं ॲडमिट होते. डोकं असं दुखत होतं की डोळे फिरवले तरी कळ यायची.

शुक्रवारी हसुकाकांचा फोन आला.

"तुना पन ताप? मना मंगलवारपासून हाय. डोका नुसता फुटतंय."

"डेंग्यूच असणार काका. रक्त तपासलं का?"

"तपासलं. डागदर बोलला, पेशी जरा उतरल्यान. सलाईन लावतो बोलला."

"मग आपल्याला एकाच मच्छरनं चावलंय," मी म्हटलं. ते हसले, मग खोकले. दोघांना एका दिवसाच्या फरकानं तसाच ताप, आणि माझ्या डोक्यात ते गवत आलंच नाही. याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. पुढचं मात्र वेगळं आहे.

रविवारी मला वाशीच्या हॉस्पिटलात दाखल केलं. प्लेटलेट्स घसरल्या होत्या, जिना चढताना दम लागत होता. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली. पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. मलेरिया नाही, टायफॉईड नाही. वॉर्डात सकाळी सहाला चहा यायचा, सातला रक्त काढायला मुलगी यायची, दहाला राउंड. तीनही वेळा मी एकच प्रश्न विचारायचो, काय झालंय? आणि तिघंही सांगायचे, रिपोर्ट येऊ दे.

डॉक्टरांचा प्रश्न

सोमवारी राउंडला मोठ्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या मॅडम. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "गेल्या तीन आठवड्यांत कुठं बाहेरगावी गेला होतात? शेतात, जंगलात, ट्रेकला? गवतात बसणं-झोपणं काही?"

वैशाली पायाशी उभी होती. तीच बोलली. "नाही मॅडम. हे पक्षी बघायला जातात एरवी, पण या महिन्यात नाही गेले. आधी पाऊस होता, मग ड्यूटी. पंधरा दिवसांपूर्वी रविवारी माझ्या भावाची वास्तू होती, तिथंसुद्धा यांना येता आलं नाही."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "नाही ना?"

मी मान हलवली. नाही.

त्या वेळी मला वाटलं, गवताचा आणि तापाचा काय संबंध? मच्छर तर कुठंही असतात. आणि इथं, सगळ्या वॉर्डासमोर, सलाईन लावलेल्या हातानं बायकोला सांगू की मी खोटं बोलून गेलो होतो? बरं झाल्यावर सांगू. मॅडम पुढच्या कॉटकडं गेल्या. दहा सेकंदांची गोष्ट.

त्याच दुपारी वैशाली मोसंबं सोलत बसली होती आणि माझा फोन वाजला. हसुकाका. ते फोनवर ओरडून बोलायचे, शेजारच्यालाही शब्द न् शब्द ऐकू जायचा. त्या दिवशीच्या गवताचं काही बोलले तर? मी फोन कट केला.

"कुणाचा?"

"कंपनीतून."

परत वाजला. परत कट केला. त्यानंतर वाजला नाही. ते दोन फोन त्यांनी मला केलेले शेवटचे.

मावशी

मंगळवारी संध्याकाळी मला श्वास पुरेना. आयसीयूत हलवलं. तोंडावर मास्क, बोटाला चिमटा, डोक्याशी टिकटिकणारं मशीन. छातीवर कुणीतरी सिमेंटची गोण ठेवून गेलंय आणि परत येत नाहीये, असं वाटायचं. समोरच्या कॉटवरच्या म्हाताऱ्या बाईभोवती पडदे ओढले गेले, मग ते उघडले तेव्हा कॉट रिकामी होती आणि एक माणूस गादी पुसत होता. मला माझ्या पोरीचा चेहरा आठवेना. सई दहावीला आहे, रोज बघतो तिला, पण आठवेना. त्यानं मी फार घाबरलो.

खिडकी होती, उंचावर. तिच्यातून आकाशाचा एक तुकडा दिसायचा. एकदा त्यातून काहीतरी गेलं. घार होती की कावळा, मला ओळखता आलं नाही. चार वर्षं मी शेपटीवरून पक्षी ओळखत होतो.

बुधवारी सकाळी अंग पुसायला मावशी आल्या. नावड्याहून यायच्या, साठीच्या जवळ, हात खडबडीत पण पाणी बरोबर कोमट. मला कुशीवर वळवून पाठ पुसताना त्या थांबल्या.

"दादा, हे काय झालंय? सिगारेटनं भाजलं का?"

मी मास्कमधून म्हटलं, "कुठं?"

"हे, कमरेला, इलास्टिकच्या खाली. काळी खपली आहे. बाजूनं लाल."

मला माहीतच नव्हतं. मावशींनी फडकं खाली ठेवलं आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टर कामात होत्या, येते म्हणाल्या. मावशी तिथंच उभ्या राहिल्या. "आत्ता बघा," म्हणाल्या, "मग मी पुढं जाते." चार दिवस मशिनं, रक्ताच्या नळ्या, एक्स-रे झाले. मी जिवंत आहे तो या बाईंच्या अडून बसण्यामुळं.

वीस मिनिटांत मोठ्या मॅडम आल्या. खपली बघितली आणि खुर्ची ओढून माझ्या तोंडाजवळ बसल्या.

"आता नीट ऐका. तुम्ही गवतात बसला होतात. कधी?"

वैशाली बाहेर होती. मी म्हटलं, "सतरा दिवस झाले. उरणकडं."

"मी सोमवारी विचारलं होतं."

"हो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टरला औषधाचं नाव सांगितलं, टेस्ट पाठवा पण रिपोर्टची वाट बघू नका म्हणाल्या. आजाराचं नाव स्क्रब टायफस. औषध जुनं, साधं, कुठल्याही मेडिकलमध्ये असतं. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "एकटेच होतात?"

मी म्हटलं, "नाही. अजून एक जण होते. त्यांना पण ताप आहे."

"मग आत्ताच्या आत्ता त्यांना कळवा."

वैशाली

तिला आत बोलावलं. मॅडमनीच तिला सांगितलं, मी नुसता बघत होतो. ती माझ्याजवळ आली.

"कुठल्या रविवारी?"

मी मास्क सरळ करायला लागलो.

"दादाच्या वास्तूच्या?"

मी मान हलवली. तिनं माझा फोन उचलला, पासवर्ड विचारला आणि बाहेर गेली. एवढंच.

संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या भेटीत तिनं सांगितलं, "काका पनवेलला ॲडमिट आहेत. निलेशनं फोन उचलला. मी त्याला सगळं सांगितलं, मॅडमच्या कागदाचा फोटो पाठवला. मॅडम पण तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या." निलेश म्हणजे काकांचा मुलगा.

"कसे आहेत?"

"आहेत," ती म्हणाली.

दोन दिवसांत माझा ताप उतरला. आठ दिवसांचा ताप अठ्ठेचाळीस तासांत गेला, साध्या औषधानं. मास्क निघाला, पेज प्यायलो, आयसीयूतून बाहेर आलो. दिवाळी त्यातच येऊन गेली. सई भेटायला आली तेव्हा मी तिचा चेहरा इतका वेळ बघितला की ती म्हणाली, "पप्पा, काय बघताय?" मी रोज वैशालीला काकांचं विचारायचो आणि ती रोज एकच शब्द सांगायची, आहेत.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "फोन दे, मी बोलतो काकांशी." ती भांडी घासत होती. नळ बंद करून बाहेर आली, ओल्या हातानं समोर बसली.

"काका नाहीत. त्याच शुक्रवारी."

मी आयसीयूत पेज पीत होतो, तो शुक्रवार.

तिनं ते बारा दिवस एकटीनं पोटात ठेवलं होतं. दहाव्याला एकटी त्यांच्या गावी जाऊन आली होती, मला सांगून की ऑफिसच्या कागदांसाठी महाप्याला जाते. म्हणजे माझ्यासाठी तीही खोटं बोलली. किडन्या आधीच गेल्या होत्या, मग मेंदूवर सूज आली. बुधवारी औषध सुरू झालं तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते.

"तुमच्यावर चिडायचं होतं मला," ती म्हणाली. "पण त्याच्यासाठी आधी तुम्ही जगायला पाहिजे होतात."

मग ती चिडली. तीन दिवस. मी कॉटवर पडून ऐकत होतो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही कधीतरी मी म्हणतो, जरा खाली जाऊन येतो, आणि ती थांबून माझ्याकडं बघते. मी खिडकीतून दिसेल असा उभा राहतो.

डिस्चार्जच्या वेळी मी मॅडमना विचारलं होतं, सोमवारी सांगितलं असतं तर? तेव्हा माझ्या मनात माझाच विचार होता. नंतर फॉलो-अपला गेलो तेव्हा काकांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. त्यांचा आजार पुढं गेला होता. पण दोन दिवस या आजारात खूप असतात." त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

काकी

डिसेंबरात अंगात बळ आलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. वैशाली येते म्हणाली, मी नको म्हटलं. ओटीवर निलेश होता. तो तीस वर्षांचा, मोऱ्याच्या बंदरावर कामाला. त्यानं मला बघितलं आणि आत जाऊन आईला सांगितलं, "तो आयलाय."

काकी बाहेर आल्या. मला चार वर्षांत त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती, बाला म्हणायच्या. खुर्चीकडं बोट दाखवलं. मी खाली बसलो.

जे घडलं ते सगळं सांगितलं. वास्तुशांत, ड्यूटी, गवत, बाही धरून ओढणं, डॉक्टरांचा प्रश्न, कट केलेले दोन फोन. वैशालीनं त्यांना गवताचं सांगितलं होतं, फोनचं मी तिलाही सांगितलं नव्हतं.

फोनचं ऐकल्यावर काकींनी निलेशकडं बघितलं.

"त्या दिशी त्यांनी पायाचे मागं कालं बघितलंनी होतं," त्या म्हणाल्या. "गुरग्याचे मागं. मना बोलले, ये काय चावलाय? संदीपला इचारतो, त्याला पन हाय काय."

मला उठून जावंसं वाटलं, तरी बसून राहिलो.

"दोनदा लावला फोन. मंग बोलले, पोर आजारी हाय, झोपला असंल. र्‍हाव दे."

निलेश म्हणाला, "का नाय उचलला?"

"बायकोला कळेल म्हणून."

"बायकोला घाबरून?" तो उठून उभा राहिला. "बायकोला घाबरून माझा बाप मारलास?"

तो पायऱ्या उतरून निघून गेला. अंगणात भाडेकरूंच्या बायका धुणं वाळत घालत होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

मग काकींनी विचारलं, "तुजी खपली कशी व्हती? दाखव."

मी शर्ट वर केला. आता तिथं नुसता काळपट वण आहे. त्यांनी वाकून, डोळे बारीक करून बघितला.

"आमचे बाया रोज गवतान जातात," त्या म्हणाल्या. "भारा कापाला, पाला काढाला. त्यांना कुनी सांगायचं?"

"मी सांगतो."

"सांग मंग. आज नको. आज जा."

पुढच्या आठवड्यात निलेशचा मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. फक्त, रविवारी चारला, देवळाच्या सभामंडपात. मी गेलो. पंचवीसेक बायका आणि काही पुरुष होते. निलेश मागं भिंतीला टेकून उभा होता. मी पुरुषांसमोर कधी भाषण केलेलं नाही, बायकांसमोर तर नाहीच. शर्ट वर करून वण दाखवला. अंगभर कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, गवतात बसू नका, घरी आल्यावर कपडे धुवा आणि घासून आंघोळ करा, ताप आला तर खपली शोधा, डॉक्टरला गवताचं सांगा. एवढंच सांगितलं. का सांगतोय तेही सांगितलं.

त्यानंतर अशा सात गावांत जाऊन आलो. एकदा एका बाईला ताप होता आणि घोट्याला खपली होती. धावत दवाखान्यात नेलं. ती खपली साध्या खरचटण्याची निघाली आणि ताप डेंग्यूचा. ती बरी झाली. अजून एकही खरी खपली मला सापडलेली नाही. सापडू नये.

पक्षी बघायला मी गेलो का, असं लोक विचारतात. फेब्रुवारीत एकदा गेलो. बांधावर उतरलो नाही, रस्त्यावरच बाइक उभी केली. लांब पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते, पुष्कळ, माना खाली घालून. दुर्बीण गळ्यात होती. शेजारी कुणीतरी ओरडून काहीतरी बोलेल असं वाटत राहिलं. पाच मिनिटांत परत फिरलो. पुढं कधी जमेल तेव्हा जमेल. बागेत, सोसायटीच्या झाडावर दयाळ बोलतो, तेवढा ऐकतो.

मॅडमनी सांगितलं म्हणून हे लिहायला घेतलं. इतर पेशंटना उपयोग होईल म्हणाल्या. लिहून झाल्यावर काकींना वाचून दाखवल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांना वाचता येत नाही. ओटीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटच्या कागदावर मी लिहिलं होतं, 'हसुकाका आम्हाला सोडून गेले.'

तिथं त्यांनी हात वर केला.

"सोडून गेले काय? कुनाला सोडून गेले? त्यांना जायाचं व्हतं काय कुठं?"

"मग काय लिहू काकी?"

"मेले लिव. कशानी मेले तं पन लिव. वाचनारा घाबरला पायजे."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, ते वाक्य खोडलं.

हसुकाका मेले. त्यांच्या आजाराला औषध होतं. ते वेळेत मिळालं नाही, कारण त्यांनी दोनदा फोन केला आणि मी तो उचलला नाही.